कोमट पाण्यातले पाहुणे

आमच्या डॉक्टरीणबाई चहासुद्धा थर्मामीटर बुडवून प्यायच्या. ताप मोजायचा तो छोटा नव्हे. प्रयोगशाळेतला लांबच लांब काचेचा, आणि तो अंबाड्यात आडवा खोचलेला. कपात पारा त्यांच्या मनासारख्या रेघेवर आला की दोन घोटांत चहा संपवायच्या. अंघोळीचं पाणी, ताक, शेजारच्या म्हशीचं धारोष्ण दूध, काहीही त्यातून सुटायचं नाही. मी नोकरीला लागल्यावर माझ्या डब्यातल्या वरणालाही त्यांनी तो लावून पाहिला आणि म्हणाल्या, "कोकण, तुझं वरण तुझ्यासारखंच आहे. वरून गार, आत नुसती धास्ती."

मला त्या कोकण म्हणायच्या. नाव विचारलं होतं पहिल्या दिवशी, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. मीही कधी आठवण करून दिली नाही. परक्या मुलखात आपल्याला आपल्या गावाच्या नावानं कोणी हाक मारतंय, याचंच मला बरं वाटायचं.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. वडील गेले आणि मी मराठी चौथीतून शाळा सोडली, ती सोडलीच. लग्न झालं ते ऑईल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. तापीच्या काठच्या विहिरींवर तेव्हा नवीनच इंजिनं बसत होती, केळी आणि ऊस वाढत होता, आणि बिघडलेलं इंजिन ऐकून ओळखणारा माणूस हवा होता. म्हणून आम्ही म्हसावदला आलो. समुद्र नाही, मासळी नाही, भात सणासुदीला. पहिले काही महिने मी सगळ्यांच्या बोलण्याला नुसती मान हलवत होते. काय विचारतायत ते कळायचं नाही, आणि पुन्हा विचारायची भीती.

आमचे घरमालक गुजर पाटील होते. सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला मोठी माय. आपसात ते त्यांची गुजरी बोलायचे, गावात अहिराणी, आणि माझ्याशी मोठी माय दोन्ही मिसळून वर हातवारे करायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात माहेरचं कोणी येऊ शकलं नाही, तेव्हा हीच उशाशी बसून होती. "घाबरू नको वं माय, मी शे ना," एवढंच म्हणत राहिली. ते वाक्य मला पहिल्यांदा पूर्ण कळलं, आणि तिथून पुढची अहिराणी सोपी गेली.

डॉक्टरीणबाई मूळच्या नाशिककडच्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासणीच्या खोलीत कितीतरी वर्षं काढून, केस पांढरे व्हायला लागल्यावर त्या इथं येऊन राहिल्या होत्या. का आल्या, याची गावात निरनिराळी उत्तरं होती. कोणी म्हणे लग्न मोडलं, कोणी म्हणे साहेबाशी भांडण. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "मुंबईत सगळे घाईत असतात."

नऊवारी नेसून पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट घालायच्या. रोग्याची नाडी शेवटी बघायच्या, आधी तो दिवसभर काय काम करतो ते विचारायच्या, आणि तेही इतक्या बारकाईनं की उसाची मोळी कोणत्या खांद्यावर, बसताना आधी कोणता गुडघा, की माणूस वैतागून जायचा. 'बहुतेक' हा शब्द दवाखान्यात चालायचा नाही. आणि त्या स्वेटर विणायच्या. खानदेशात, भर वैशाखात. तो पुरा झालेला कोणी पाहिला नाही. काही मनासारखं जमलं नाही की सगळा उसवायच्या आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून.

मला नोकरी कशी मिळाली ते सांगते. त्यांना बाटल्या-सुया उकळायला आणि रोग्यांना हाका मारायला बाई हवी होती. मोठी मायनं मला पुढे केलं. बाईंनी माझं शिक्षण विचारलं, मी खाली मान घालून चौथी म्हटलं. त्यांनी माझ्यापुढे चुलीवर दुधाचं पातेलं ठेवलं. म्हणाल्या, "कोमट कर. साय धरली तर घरी जा." मी त्या पातेल्यापुढे अशी उभी राहिले की जणू आत माझं मूल आहे. लाकूड ओढ, लाकूड सार, बोट लावून बघ. बऱ्याच वेळानं त्या मागून म्हणाल्या, "भित्रं माणूस चांगलं. भित्रं माणूस भांड्यावरून नजर काढत नाही. उद्यापासून ये."

माझ्या भित्रेपणाला कोणी चांगलं म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर बाटल्या येऊन बसलेल्या असत. तेलाच्या, औषधाच्या, मोहाच्या दारूच्या, ज्याला जी मिळेल ती. तपासायला आणलेली लघवी. बाई त्यांना पाहुणे म्हणायच्या. "कोकण, पाहुण्यांना उन्हात बसवू नको." "आज पाहुणे किती?" नवीन आलेला एखादा खरोखर कोण पाहुणा म्हणून इकडेतिकडे बघायचा.

कुठलाही डॉक्टर लघवीची नळी सरळ दिव्यावर धरतो. उकळली आणि वर ढग आला तर मूत्रपिंडाचं दुखणं, नाही आला तर साफ. बाई तसं करायच्या नाहीत. डेगचीत पाणी, पाण्यात नळ्या, नळीत आंबट औषधाचे थेंब, मध्ये तो थर्मामीटर, आणि खाली इतकी मंद आंच की पाणी तापतंय असं वाटूही नये. त्या शेजारी स्टुलावर बसून विणायच्या. गावाला हा मोठा करमणुकीचा विषय होता. पाराजवळची माणसं म्हणायची, "बाईले मूत शिजाडाना नाद शे. मीठमिरची टाकतीस का नही, इचारा." बाईंच्या कानावर ते जायचं. "सांग त्यांना," त्या म्हणायच्या, "जेवायला या."

एकदा धीर करून मी विचारलं, की एवढा वेळ कशाला.

"अंड्यातलं पांढरं तापवलं की घट्ट होतं. पुढे कितीही उकळ, परत पातळ होत नाही. लघवीतून नेहमी जे प्रथिन जातं, ते तसलंच. उकळलं तरी दिसतं. पण एक प्रथिन उलट्या डोक्याचं आहे. कोमट पाण्यात ते दह्यासारखं बसतं. उकळी आली की विरघळून नाहीसं होतं. निवलं की परत हजर. जो घाई करून उकळेल, त्याला ते दिसतच नाही. तो साफ म्हणून सांगून मोकळा."

"आणि ते असलं तर?"

"हाडाच्या मगजात एक पेशी बिघडते. आपल्यासारख्याच दुसऱ्या काढत सुटते, आणि सगळ्या मिळून ते एकच निरुपयोगी प्रथिन ओतत बसतात. हाड आतून पोखरत जातं. वरून माणूस म्हणतो पाठ धरली."

मी हळूच म्हटलं, "कॅन्सर?"

"कॅन्सर. पण सभ्य. आपली खूण आपण होऊन बाहेर पाठवतो. बाकीचे इतकी माणुसकी दाखवत नाहीत." मग विणता विणता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुंबईत एकदा मी उकळलं. गिरणीतला माणूस होता." आणि विणलेली ओळ उसवायला घेतली.

म्हसावदला मी त्यांच्या हाताखाली राहिले त्या सगळ्या काळात तो थर क्वचितच दिसला. तरी ज्याची पाठ दुखते, त्याची बाटली त्या तशाच तापवायच्या. रोज.

बापूंची पाठ धरली तो कापूस वेचणीचा हंगाम होता. बापू उंच माणूस, फेट्यासह दारातून वाकून यावं लागायचं. त्यांची ख्याती कापसाच्या परीक्षेची. चिमटीत चार तंतू ओढून बघायचे आणि भाव सांगायचे, व्यापारी त्यावर वाद घालायचे नाहीत. तो माणूस हळूहळू वाकला. रंग उतरला, ओठ पांढरे पडले. एकदा ओट्यावर बसून खोकले आणि बरगडी कट्‌कन मोडली, तो आवाज मी माझ्या खोलीत ऐकला. गाडीला खांदा दिला होता, त्याचं हे, असं ते म्हणत. गाव म्हणे क्षय.

बाई आपण होऊन त्यांच्या ओट्यावर गेल्या. बापूंनी बाईमाणसाला पाठ दाखवली नाही. उभ्याउभ्या म्हणाले, "पाठ शे बाई, जुनी व्हयनी. तुम्ही काय कराल तिले?" बाईंनी जास्त ताणलं नाही. माझ्याबरोबर रिकामी बाटली पाठवली आणि निरोप, उद्या सकाळची लघवी पाठवा.

दुसऱ्या दिवशी मोठी माय स्वतः आली. बाटली पदराखाली, फडक्यात बांधलेली, वर पांढऱ्या कापडाचं बूच. बाईंनी तापवली. काही नाही. पुन्हा मागवली, पुन्हा तापवली. पुन्हा काही नाही. नळी उजेडात धरून त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

"झऱ्याच्या पाण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "बापूंच्या वयाला इतकी निर्मळ?" आणि त्या दिवशी सगळा स्वेटर उसवला.

इकडे घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. अक्कलकुव्याच्या पलीकडे, डोंगरात, एक हाडवैद्य होता. म्हातारा भिल्ल, हाताला नावाजलेला, मोडलेले पाय जुळवून त्यानं माणसं नाचायला लावलेली. त्याला बोलावणं गेलं होतं. पाठ बसवायची त्याची रीत म्हणजे माणसाला पालथं निजवायचं, दोघांनी हातपाय ओढायचे आणि एकानं कंबरेवर टाच द्यायची. परवा बाजाराच्या दिवशी तो येणार होता.

मी हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा बाईंचे हात थांबले.

"मला वाटतंय ते असेल, तर त्या मणक्यात आत काही उरलेलं नाही. टाच पडली की मणका चुरडेल. पाय जातील. तो माणूस पुन्हा उठणार नाही." मग त्याच नळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि माझ्या हातात ही साफ बाटली. दोनदा साफ. मी कोणत्या तोंडानं जाऊन अडवू? वाटतंय म्हणून?"

त्या संध्याकाळी मी मोठी मायबरोबर अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, बापूंची लघवी फार चांगली आहे. झऱ्याच्या पाण्यासारखी."

मोठी मायचा चेहरा खुलला. "चांगलीच राही ना. मी काय बाईले असंतसं देसू का? नातूनं शे ते. लहान लेकरूनं, गंगाजळनागत. वरथीन धुयेल फडकावरी गाळीसन दिन्हं."

म्हणजे दोन्ही बाटल्या नातवाच्या. "पण मोठी माय, आजारी तर बापू आहेत ना?"

"मंग?" ती समजावणीच्या सुरात म्हणाली, जशी ती मला नेहमी इथल्या रीती समजावायची. "जिनवर कापूस दखाडाले लई जातस, तव्हय कवडी कापूस दखाडस का कोणी? चांगलामातला चांगला मूठभर काढीसन दखाडतस. आनि डोकरानं मूत बाईमाणूसना हातमा देवानं, लाज शे का नही आपले? घरनी आब राखनी पडस."

तिच्या बोलण्यात लबाडी तिळभर नव्हती. सरकी काढायच्या जिनात डागाळलेला, किडका कवडी कापूस माणूस झाकतो, आणि मुठीत धरून दाखवतो तो शुभ्र. आयुष्यभर तिनं तेच पाहिलेलं. बाईंसारख्या शिकलेल्या, मानाच्या बाईकडे आपल्या घरातून काही जायचं, तर ते घरातलं सगळ्यात निर्मळ जावं, एवढंच तिनं बघितलं होतं.

मी देठ तिथंच टाकून उठले. बाईंकडे निघाले. सांगावं तर माझ्या उशाशी बसलेल्या माणसाची मी चहाडी करते, न सांगावं तर बापू. दवाखाना काही लांब नव्हता, म्हणून बरं. लांब असता तर मी वाटेत दहा वेळा परत फिरले असते.

बाई ताक पीत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. आता भडकणार म्हणून डोळे मिटून उभी राहिले. आवाज आला तो हसण्याचा. अंबाडा सुटेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसले.

"तिचं काय चुकलं? आपण थोडंसं दाखवायला मागितलं की माणूस चांगलंच दाखवणार. आपलं वाईट कोण फडक्यात बांधून देईल?" अंबाडा बांधता बांधता म्हणाल्या, "आता मी जाऊन म्हटलं, की हे खोटं, खरं आणा, तर तिला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. आणि बापूंना लाजेनं होणारच नाही." त्या खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या, बूट करकरत. मग थांबल्या. "कोकण, बाटल्या किती आहेत धुतलेल्या? सगळ्या घे. आणि तुझीही लागेल."

बाजाराच्या दिवशी सकाळीच आम्ही बापूंच्या खळ्यात डेगची, नळ्या आणि बाटल्यांची पाटी घेऊन हजर. तीन दगडांची चूल मांडली, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. घरातले सगळे जमले. हाडवैद्य अजून यायचा होता.

बाई मोठ्यानं म्हणाल्या, "बापू, एका बोंडावरून शेताचा भाव ठरतो का?"

"नही ठरस," बापू खाटेवरून म्हणाले.

"मग तुमच्या एकट्याच्या बाटलीवरून मला काय कळणार? सगळ्या घराचं हवं. प्रत्येकाचं ज्याचं त्यानं, आत्ता, ताजं. हे माझं." आणि पदराआडून आपली भरलेली बाटली काढून त्यांनी ती सरळ ओट्यावर, सगळ्यांच्या देखत ठेवली.

सुनांनी तोंडाला पदर लावले. थोरला मुलगा आभाळाकडे बघायला लागला. बापू त्या बाटलीकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही बी?"

"मी बी. मला काय देवानं वेगळी घडवलीय?"

मग मी माझी ठेवली. कानशिलं तापली होती, पण ठेवली. मोठी मायनं माझ्याकडे एकदा बघितलं. तिला कळलं, मी सांगितलं ते. मग एक बाटली उचलून ती घरामागे गेली. नातू नाचतच गेला. मुलं गेली, सुना गेल्या. शेवटी बापू काठी टेकत उठले, माझ्या हातातून बाटली मागून घेतली, आणि एकेक पाऊल टाकत गोठ्याच्या मागे गेले. त्यांना हात द्यायला कोणी पुढे झालं नाही. बाईंनी नजरेनंच सगळ्यांना बसवलं होतं.

स्वेटरची लोकर तोडून बाईंनी नळ्यांना दोरे बांधले. ज्याचा त्याचा रंग ज्यानं त्यानं निवडला. बापूंनी तांबडा घेतला. नळ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि आंच माझ्या ताब्यात आली. एवढ्यात हाडवैद्य आला. लहानखुरा, वाळलेला, खांद्यावर कांबळं. कोणाला काही न विचारता तो चुलीशी उकिडवा बसला आणि पाण्याकडे बघू लागला. डोंगरातली माणसं आपसात वेगळी बोली बोलतात, पण तो सपाटीवरच्या गावांत येऊनजाऊन असायचा, अहिराणी त्याला यायची.

पाणी ऊन झालं. आधी काहीच नाही. मग तांबड्या दोऱ्याच्या नळीत धुकं उतरलं. धुक्याचं दूध झालं, दुधाचं दही. तळाशी पांढरा थर बसला. बाकीच्या सगळ्या नळ्या जशाच्या तशा नितळ.

"बाई, बापूनं खराब शे," थोरला मुलगा म्हणाला. आवाज फाटला त्याचा.

"थांबा. कोकण, आता जाळ घाल."

मी पऱ्हाट्या सारल्या. पाणी उकळायला लागलं, आणि तो थर आमच्या डोळ्यांदेखत विरघळला. नळी साफ.

मोठी मायनं हात जोडले. "गयं. देव पावना."

"थांबा, मोठी माय," बाई फार हळू म्हणाल्या. चिमट्यानं नळी काढून त्यांनी ती वाऱ्यावर धरली. सगळे बघत होते. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या देवीला सांगत होते, येऊ नको. ते आलं. आधी धुकं, मग दूध, मग तो थर.

बापूंनी हात पुढे केला. बाईंनी नळी त्यांच्या हातात दिली. बापूंनी ती चिमटीत धरून, कापसाचे तंतू धरायचे तशी, उन्हाकडे केली. सावकाश फिरवून बघितली. त्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या मालाची परीक्षा केलेली.

"हाई मन्हं?"

"तुमचं."

"चांगलं नही."

"नाही, बापू."

"आनि मन्हा नातूनं?" बाईंनी निळ्या दोऱ्याची नळी दाखवली. नितळ. बापूंनी मान हलवली. "ते चांगलं शे," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मग विचारलं, "मंग मुंबईले जावानं?"

"जावानं."

आता सगळ्यांचे डोळे हाडवैद्याकडे गेले. तो उठला, बापूंच्या पाठीवरून नुसती बोटांची टोकं फिरवली, दाबलं नाही. "मोडेल हाड मी जोडस," तो म्हणाला. "आतून खाई ऱ्हायना, त्याले मी काय जोडू? हाई मन्हा हातनं काम नही." पण तो गेला नाही. पाठ न वळवता माणूस कसा उचलायचा, फळीवर कसा बांधायचा, ते त्यानं बापूंच्या मुलांना दिवसभर शिकवलं. बाई त्याच्या शेजारी बसून शिकत होत्या. संध्याकाळी तो निघाला तेव्हा बाईंनी त्याला वाकून नमस्कार केला. पाराजवळच्या लोकांना ते महिनाभर पुरलं.

बापू नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत गेले ते कापसाच्या ट्रकमधून. गचके बसू नयेत म्हणून तळाला सुटा कापूस पसरला होता, त्यात ते रुतून निजले होते. मुलाला म्हणाले म्हणे, "एक नंबरना माल शे, डाग नको पडाले."

मुंबईत छातीच्या हाडात सुई घालून मगज काढला, आणि बाईंचं बरोबर निघालं. नवीनच आलेल्या गोळ्या मिळाल्या. बापू परत आले ते काठी टेकत, पण आपल्या पायांनी. पुढे दर महिन्याला तपासणी. बापू दवाखान्यात बसून स्वतः थर बघायचे आणि कापसासारखी प्रत ठरवायचे. आधी बोटाच्या पेराएवढा होता. मग नखाएवढा. एका महिन्यात नुसतं धुकं आलं, बसलंच नाही. "गोळी या थराला मारत नाही," बाई त्यांना सांगायच्या, "गोळी थर ओतणाऱ्यांना मारते. थर नुसता चाहूल देतो." माझी नात परवा सांगत होती, आता त्या बिघडलेल्या पेशीच्या अंगावरच्याच एका प्रथिनावर नेम धरून औषध सोडतात, सुईवाटे. असेल. मला ऐकून आधी बापूंची ती चिमटी आठवली.

आणि गंमत अशी, की बापूंच्या बाटलीबरोबर घरातल्या सगळ्यांच्या बाटल्या येत राहिल्या. बाईंनी एकदाच मागितल्या होत्या. पण बापू एकट्याची घेऊन निघेनात. मोठी माय म्हणाली, त्यात काय, सगळेच देऊत. पाटीत रंगीत दोऱ्यांचे पाहुणे बसून यायचे, तांबडा मध्यभागी. बाई सगळे तापवायच्या. एकही वगळायच्या नाहीत.

असे हंगाम गेले. दोन-तीन तरी. बापू बांधापर्यंत जायचे, वेचणीच्या बायकांना ओरडायचे, नातवाला खांद्यावर घ्यायचं तेवढं जमायचं नाही. नंतर थर पुन्हा चढायला लागला. गोळ्या बदलून झाल्या. बाईंनी त्यांच्यापासून लपवलं नाही, आणि लपवून उपयोगही नव्हता, नळी त्यांच्याच हातात असायची. ते गेले ते आपल्या खाटेवर, घर भरलेलं असताना. सकाळी उठून आपल्या पायांनी गोठ्यापर्यंत जाऊन आले होते.

पुढच्या महिन्यात, नेहमीच्याच दिवशी, मोठी माय दवाखान्यात आली. डोक्यावर तीच पाटी. मी बाटल्या उतरवून घेतल्या. निळा, हिरवा, पिवळा, सगळे होते. मधली जागा तिनं तशीच मोकळी ठेवली होती.

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, आता कशाला. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि डेगचीत पाणी ओतलं.

"बसा मोठी माय. कोकण, आंच मंद ठेव."

त्या दिवशी बाकीचे रोगी ओट्यावर खोळंबले. पाणी हळूहळू ऊन झालं. बाई प्रत्येक नळी काढून उजेडात धरत होत्या आणि सांगत होत्या. "हे थोरल्याचं, नितळ. हे धाकट्या सुनेचं, नितळ. हे नातवाचं." उकळी आणली, निववलं, पुन्हा बघितलं. काही टाळलं नाही, काही लवकर केलं नाही.

"बठ्ठं चांगलं?" मोठी मायनं सगळ्या नळ्यांकडे बघत विचारलं.

"बठ्ठं चांगलं."

ती उठली. मग रिकाम्या बाटल्या एकेक करून पाटीत ठेवल्या. दारात जाऊन म्हणाली, "मंग पुढला महिनाले काही काम नही मन्हं."

"या," बाई म्हणाल्या. "रिकाम्या हातानं या."

ती आली. आम्ही म्हसावद सोडलं तोवर दर महिन्याला येतच होती.